पापणीच्या बाहेरून

पापणीच्या गाठीला मी सुरी लावत नाही, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पाठीमागे मला 'सुईवाला डॉक्टर' म्हणतात. मला ते आवडतं, पाठीमागे का होईना. पापणीत तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बंद झालं की तेल आत साठतं आणि हरभऱ्याएवढी गाठ होते. लोक तिलाही रांजणवाडीच म्हणतात. पण रांजणवाडी ठणकते, फुटते आणि आठवड्यात विषय संपतो. ही गाठ दुखत नाही, खुपत नाही, नुसती ठाण मांडून बसते. आधी महिनाभर गरम शेक द्यायचा. त्याने हलली नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, तेही दोन-तीन थेंबांचंच. पंधरा दिवसांत गाठ विरते. टाका नाही, पट्टी नाही, रजा नाही.

नियम एकच आहे. इंजेक्शन पापणीच्या आतून द्यायचं. थेंब टाकून डोळा बधिर करायचा, पेशंटला खाली बघायला लावायचं, पापणी उलटी करून क्लॅम्पमध्ये धरायची आणि आतल्या लाल बाजूने सुई घालायची. याला वेळ लागतो. शिवाय पेशंटच्या तोंडावर इतकं वाकावं लागतं, की त्याने सकाळी कोणत्या टूथपेस्टने दात घासले ते कळतं. बाहेरून, कातडीतून दिलं तर मिनिटाचं काम. पण ते दुधासारखं पांढरं औषध कातडीखाली राहिलं तर कातडीचा रंग उडू शकतो. गोऱ्या माणसाचं निभावून जातं. सावळ्या माणसाच्या पापणीवर मात्र पांढरा डाग उठतो, कधी वर्षभरासाठी, कधी कायमचा. तीस वर्षांत मी एकदाही बाहेरून दिलं नव्हतं. मग एकदाच दिलं, तेही माझ्या सख्ख्या भावाला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाटी रंगवणारे संपले तरी तो काही वर्षं चिवटपणे रंगवत राहिला, मग खांदा गेला म्हणून थांबला. सरळ रेघ कशी मारायची ते मला त्याने शिकवलं. श्वास अर्धा सोडायचा, तिथे धरायचा आणि मग हात चालवायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी अजून तसाच श्वास धरतो. आमच्या प्राध्यापकांना वाटायचं, हे त्यांनी शिकवलं. मी त्यांना वाटू दिलं.

दादा आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. कारण सांगतो, म्हणजे मी कसा माणूस आहे तेही कळेल. आईचा मोतीबिंदू पिकला होता. मी बुधवार ठरवला होता, यादीत पहिलं नाव तिचं. सोमवारी दादा तिला रिक्षात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला आणि तिथल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घेतलं. तिथला म्हणजे तोच, ज्याचा हसरा फोटो बसच्या पाठीवर असतो. मला घरच्या कुणी सांगितलं नाही. मला लेन्स पुरवणाऱ्या माणसाने सांगितलं. वर हसून म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या आईंना बसवलेली लेन्ससुद्धा आपल्याकडूनच गेली बरं का."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच संध्याकाळी दादाच्या घरी गेलो. आई डोळ्याला पट्टी लावून पडली होती. मी दारातूनच विचारलं, "हे कुणी ठरवलं?" दादा म्हणाला, "मी." मी म्हटलं, "माझ्या हातावर विश्वास नाही?" तो जमिनीकडे बघत उभा राहिला, होही म्हणाला नाही की नाहीही. आई पट्टीखालून काहीतरी पुटपुटली, ते मी ऐकलं नाही. ऐकायला थांबलोच कुठे! डोक्यात राख घालून निघालो तो निघालोच. आई पुढे दोन वर्षं जगली, चांगलं दिसत होतं तिला. दादा घरी नसेल ती वेळ साधून मी तिला भेटायला जायचो. ती गेली त्या दिवशी आम्ही दोघं भाऊ तासभर शेजारी शेजारी उभे होतो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. लोकांना वाटलं, दुःखाने.

आणि असा दादा एका सकाळी माझ्या दवाखान्यात बाकावर बसलेला दिसला. हातात चौदा नंबरची चिठ्ठी. मी केबिनच्या दारातून पाहिलं आणि आत वळलो. मधल्या तेरा पेशंटांना मी काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. आमच्या सिस्टर सतरा वर्षं माझ्याकडे आहेत, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी चौदा नंबर नेहमीच्या दुप्पट आवाजात पुकारला.

"काय होतंय?" मी कुठल्याही पेशंटला विचारतो तसं विचारलं.

"पापणीत गाठ झालीय," दादा म्हणाला. "डाव्या."

मी पाहिली. वरच्या पापणीत मधोमध, चांगली टपोरी. शेकाचं सांगितलं. स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून पिळायचं, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, मग बोटाने वरून खाली हलकं चोळायचं. हे मी रोज दहा जणांना सांगतो, तेव्हा तोंडपाठ आहे. कागदावर लिहून दिलं. त्याने कागदाची नीट घडी घातली. मला वाटलं, झालं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर. "घरी जमत नाही. कापड लगेच गार होतं. आणि खांदा वर राहत नाही माझा, दहा मिनिटं हात धरवत नाही."

"वहिनींना सांग धरायला."

"तिची पाठ धरलीय."

मी काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "साडेआठला या रोज. पेशंट नवाला सुरू होतात. मी देते शेक." आणि माझ्याकडे बघितलंही नाही. दवाखाना माझा आहे की त्यांचा, हा प्रश्न मला तेव्हा पडला, आधीही अनेकदा पडला होता.

पहिले दोन दिवस सिस्टरनी शेक दिला. तिसऱ्या दिवशी त्यांना अचानक औषधाचं कपाट आवरायची आठवण झाली. "सर, जरा धरता का? दोनच मिनिटं." त्या कपाटाकडे गेल्या आणि पुढचा महिनाभर ते कपाट आवरत होत्या. एवढं आवरलेलं कपाट मी कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात पाहिलेलं नाही.

तर मी धरू लागलो. तपासायच्या खुर्चीत दादा मान मागे टाकून बसायचा, दोन्ही डोळ्यांवर गरम कापड, आणि मी शेजारच्या स्टुलावर हात लांबवून. पहिल्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ तेवढं टकटक करत होतं. दुसऱ्या दिवशी दादा कापडाखालून म्हणाला, "तुझ्या दारावरच्या पाटीतला 'त्र' वाकडा आहे."

"कॉम्प्युटरने केलाय."

"मग कॉम्प्युटर वाकडा आहे."

मला हसू आलं. त्याला दिसत नव्हतं म्हणून मी हसलो. डोळे झाकलेले असले की माणूस मोकळा होतो, हे मला तेव्हा कळलं. तो तर झालाच, शेजारी बसलेला मीही झालो. रोज दहा मिनिटं तो बोलायचा. लहानपणी मी त्याच्या रंगाच्या डब्यात पाय घालून घरभर निळी पावलं उमटवली होती, ते. एका दुकानदाराच्या नावातलं अक्षर चुकलं आणि दुकानदाराने तेच नाव पुढे कायमचं लावलं, ते. मी फक्त "हं" म्हणायचो. पण "हं" मध्येही फरक असतो. आठवड्याभराने माझं "हं" बरंच मऊ झालं होतं, सिस्टर म्हणाल्या तसं. तिसऱ्या आठवड्यात मी साडेआठऐवजी सव्वाआठला यायला लागलो. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, रस्ता मोकळा मिळतो.

गाठ मात्र ढिम्म हलत नव्हती. मला त्याची काही घाई वाटत नव्हती, हे आज कबूल करतो.

एकदा बोलता बोलता दादा म्हणाला, "लेक बोलावतेय तिकडे. आता दोघांनी एकटं राहायचं वय नाही म्हणते. बहुतेक वर्षाअखेरी जाऊ आम्ही कायमचेच." ती लांब राहते, गाडीने दीड दिवस लागतो. मी "हं" म्हटलं. कापड गार झालं होतं, ते बदलायला उठलो.

सव्विसावा दिवस. एवढं अचूक आठवतं, कारण सिस्टर कागदावर तारखा लिहायच्या. शेक सुरू झाला. पाच-सहा मिनिटं गेल्यावर दादाने खाकरून घसा साफ केला. "बारक्या," तो म्हणाला. हे नाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "आईच्या त्या ऑपरेशनचं एक सांगायचं होतं तुला. बरेच दिवस मनात आहे."

आता मी कितीही मागे जाऊन बघितलं, तरी पुढे जे झालं त्याचं एकच कारण सापडतं: मला वाटलं, हा माफी मागणार. आणि मला ती ऐकायची नव्हती. सहा वर्षं मी तो राग जपला होता. माफी मागून टाकली की राग संपणार आणि मग सहा वर्षं वाया घालवली ती कुणी, हा प्रश्न उरणार. हे सगळं आज सुचतंय. तेव्हा फक्त नाकाला मिरच्या झोंबल्या.

मी कापड ट्रेमध्ये टाकलं. "ते राहू दे. ही गाठ शेकाने जात नाहीये. इंजेक्शन देऊन टाकू. रोजची कटकट नको."

त्याने डोळे उघडले. पाण्याने पापण्या ओल्या होत्या. "अजून थोडे दिवस शेक घेऊन बघू की. मला काही घाई नाही."

"मला आहे."

त्याने मान पुन्हा मागे टाकली. सिस्टर आल्या. त्यांनी न सांगता थेंबांची बाटली, क्लॅम्प, सुई मांडली. मी औषधाची बाटली हलवली, सिरिंजमध्ये घेतलं. आता पापणी उलटवायची, म्हणजे दादाच्या चेहऱ्यावर वाकायचं. त्याचा श्वास माझ्या गालाला लागणार. त्याचा चेहरा चांगली तीन-चार मिनिटं हातात धरायचा. आणि तेवढ्यात त्याने पुन्हा तो विषय काढला तर?

"सर, क्लॅम्प," सिस्टर म्हणाल्या.

"नको."

"सर, आतून…"

"सिस्टर, मला माहीत आहे."

मी कातडी ताणली आणि बाहेरून सुई घातली. श्वास अर्धा सोडून धरायचाही विसरलो. मिनिटभरात सगळं आटोपलं. दादाने भिंतीवरच्या आरशात बघितलं, बोटाने पापणीला हळूच हात लावला. "दुखलं नाही हं अजिबात. हलका हात आहे तुझा."

"पुढची तारीख?" सिस्टरनी पेन काढून विचारलं. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी बोलवायचंच असतं, ही माझीच शिस्त.

"गरज नाही," मी म्हटलं.

दादाने चपला घातल्या. दारात जरा थांबला, काहीतरी म्हणेल असं वाटलं. पण बाहेर पेशंट यायला लागले होते आणि तो वाट देण्यासाठी बाजूला झाला, तसाच पुढे निघून गेला.

सिस्टर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "डाग पडला तर?"

"पडला तर येईल दाखवायला. तोंड आहे त्याला."

तो आला नाही. मी सोयीस्कर हिशेब मांडला: आला नाही म्हणजे डाग पडला नाही, गाठही गेली. म्हणजे सगळं ठीक. पण सव्वाआठला दवाखान्यात यायची सवय काही सुटेना. येऊन रिकाम्या खुर्चीसमोर बसायचो आणि पेपर वाचायचो. दोनदा फोन हातात घेतला. एकदा तर नंबरही लावला आणि पहिली रिंग व्हायच्या आत कापला. साठी उलटलेला माणूस मी, परीक्षेच्या निकालाला घाबरतात तसा घाबरत होतो. आज फोन करू, उद्या करू, यात पाच महिने गेले.

मग वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आम्ही परवा निघतोय. सामान बांधून झालंय. उद्या दुपारी चहाला या. ह्यांनी नाही सांगितलं बोलवायला, मी बोलावतेय."

मी सिस्टरना म्हटलं, उद्या दुपारचे पेशंट आहेत. त्या म्हणाल्या, "ते मी आधीच पुढे ढकललेत." त्यांना कुणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही.

वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाहेरची खोली खोक्यांनी भरली होती. प्रत्येक खोक्यावर दादाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: भांडी, अंथरुणं, औषधं. नुसतं मार्करने लिहिलेलं, पण प्रत्येक अक्षराला सावली दिलेली. गावभर पाट्या रंगवलेला माणूस खोक्यांवरही साधं लिहू शकत नाही. खिडकीजवळ एकच खुर्ची बांधायची राहिली होती. तिच्यात दादा झोपला होता, मान मागे टाकून.

मी जवळ गेलो. खिडकीतलं ऊन त्याच्या चेहऱ्यावर होतं. गाठ नव्हती, पार विरली होती. तिच्या जागी पांढरा डाग होता. बोटाच्या नखाएवढा, कडा वेड्यावाकड्या, सावळ्या पापणीवर चुना सांडल्यासारखा. मला तपासायला वाकायची गरज नव्हती. मी ज्या ठिकाणी सुई घातली होती, बरोबर तिथेच.

वहिनी माझी बाही धरून मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"महिन्याभराने दिसायला लागला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी म्हटलं, भाऊजींना दाखवा, काहीतरी मलम देतील. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, उघड्या डोळ्यांनी कुठे दिसतोय? खबरदार त्याला सांगितलंस तर."

खरं होतं ते. डोळा उघडला की पापणीची घडी पडते आणि तेवढी कातडी आत जाते. डाग दिसणार तो फक्त मिटल्यावर.

"पण मला का नाही सांगायचं? मीच दिलं होतं इंजेक्शन. मला शिव्या घालायच्या."

"म्हणाले, त्याला कळलं तर तो परत जेवायचा नाही."

"परत म्हणजे?"

वहिनींनी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, गॅस लावला नाही. "तुमचे पेशंट ते म्हातारे ग्रंथपाल होते ना, तुम्ही केलेल्या ऑपरेशननंतर ज्यांचा डोळा गेला? सासूबाई तेव्हा तुमच्या घरी होत्या. दीड महिना तुम्ही ताटावर बसायचे आणि उठायचे. त्यांनी सगळं बघितलं. नंतर त्यांचा स्वतःचा मोतीबिंदू निघाला तेव्हा ह्यांना म्हणाल्या, मला दुसरीकडे ने. माझ्या डोळ्याचं काही वाकडं झालं तर माझं काय, मी म्हातारी. पण हा पोरगा पुन्हा सुरी हातात धरणार नाही. आणि मी म्हटलं म्हणून त्याला सांगू नकोस. त्याला वाटेल, आईचाच आपल्यावर विश्वास नाही. तू घे अंगावर."

मला त्या संध्याकाळचा दादा आठवला, जमिनीकडे बघत उभा. अंगावर घेतलेलं सहा वर्षं सांभाळत राहिलेला. आणि आई पट्टीखालून पुटपुटत होती ते काय होतं, देव जाणे.

"सासूबाई गेल्यावर ह्यांना वाटायला लागलं, आता सांगायला हरकत नाही," वहिनी म्हणाल्या. "पण सांगणार कसं? तुम्ही दारात उभं करत नव्हता. ती गाठ आली तेव्हा काय खूश झाले होते! म्हणाले, आता डॉक्टरला हाकलता येणार नाही. गाठ तर त्यांना आधीही दोनदा झाली होती, भाऊजी. घरीच शेकून गेली. माझ्या पाठीलाही काही झालेलं नव्हतं. रोज सकाळी म्हणायचे, आज सांगतो. परत आले की मी विचारायचे, सांगितलं? म्हणायचे, नाही, आज रंगाच्या डब्याची गोष्ट निघाली. हसत होता गं तो. उद्या सांगतो."

म्हणजे कापडाखालूनही त्याला कळत होतं मी हसतोय ते.

बाहेर खुर्ची करकरली. "कोण आलंय?"

मी बाहेर गेलो. दादा सावरून बसला होता. मला बघितलं आणि त्याचा चेहरा इतका उजळला की मला तो बघवेना. आणि पुढच्याच क्षणी त्याला काहीतरी आठवलं. त्याने डोळे मोठे केले आणि तसेच ठेवले.

"अरे बारक्या! कधी आलास? बस, त्या खोक्यावर बस. अंथरुणं आहेत त्यात, फुटायचं काही नाही."

मी बसलो. तीस-पस्तीस वर्षं मी पापण्या बघत आलोय. माणूस मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी मिटतो, त्याचं त्यालाही कळत नाही. दादा मिटत नव्हता. माझ्याकडे बघत टक्क डोळे उघडे ठेवून तो बोलत होता, गाडी किती वाजता, लेकीचं घर कितव्या मजल्यावर, नातवाला सायकल शिकवायची आहे. डोळ्यांत पाणी जमायला लागलं. ते गालावर आलं तसं त्याने बाहीने पुसलं. "धूळ फार झालीय या बांधाबांधीत."

"गाठ परत नाही ना आली?" मी विचारलं. विचारायचं होतं ते हे नव्हतं.

"छे! नाव नाही. तू असं काही इंजेक्शन दिलंस, साफ गेली. मी सगळ्यांना सांगतो, आमच्या बारक्याच्या हाताला तोड नाही."

चुकलं माझं दादा, एवढंच म्हणायला आलो होतो, निदान वहिनींचं ऐकल्यावर तरी तेवढंच म्हणायचं होतं. पण म्हणणार कसं? म्हटलं तर त्याला कळणार की मी डाग पाहिलाय. सहा वर्षं जे लपवलं, पाच महिने जे लपवलं, ते सगळं फुकट गेलं असं त्याला वाटणार. हा समजूतदारपणा होता की भित्रेपणा, मी अजून ठरवू शकलेलो नाही. बहुतेक भित्रेपणाच.

त्याचे डोळे लाल व्हायला लागले. मग मला एकच सुचलं. मी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. मनात चार आकडे मोजले, म्हणजे तेवढ्यात त्याला पापण्या मिटून घेता येतील. परत वळलो, तर डोळे पुन्हा टक्क उघडे. थोड्या वेळाने मी खोक्यांवरची अक्षरं वाचायला लागलो. मग चहाच्या कपात बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. तो बोलत राहिला आणि मी त्याला पापणी मिटायला वेळ देत राहिलो.

तासाभराने निघालो. तो जिन्यापर्यंत आला. वरच्या पायरीवर उभा राहून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुखरा हात, वर उचलून. "येत जा तिकडे," म्हणाला. मी हो म्हटलं आणि खाली उतरलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, अख्खा तास मी भावाकडे धड बघितलंसुद्धा नाही. खिडकी बघितली, खोकी बघितली, घड्याळाचा पट्टा बघितला.

'मिटा डोळे.' हे दोन शब्द मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. थेंब टाकले की म्हणतो, तपासून झालं की म्हणतो, जेवताना चुकून घरातसुद्धा म्हणतो. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणायचं होतं: दादा, मिट डोळे. बघितलंय मी सगळं. तेवढं तोंडातून निघालं असतं तर तो गाडीत बसेपर्यंत तरी आम्ही दोघं एकमेकांसमोर नीट बसलो असतो. ते निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.